मुरगळलेला घोटा, सुजलेला गुडघा, निखळलेला खांदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली कित्येक वर्षं मी फिजिओथेरपीचं काम करते. प्रश्न घोट्याचा असो, गुडघ्याचा असो की खांद्याचा, फिरून फिरून तो एकाच जागी येतो: "आता यावर भार देऊ की नको?" बहुतेक जण एक तर फार लवकर भार देतात, नाहीतर महिनोन्‌महिने देतच नाहीत. दोन्हींनी नुकसान होतं. म्हणून खालच्या उत्तरांत भाराबद्दल पुन्हा पुन्हा वाचायला मिळेल.

घोटा मुरगळला. पहिल्या तासाभरात काय करू?

आधी खेळ थांबवा. अंग तापलेलं असताना दुखणं कमी जाणवतं आणि "एवढा डाव संपू दे" म्हणून माणूस आणखी वीस मिनिटं त्याच पायावर पळतो. थोडंसं फाटलेलं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) आणखी फाटायला तेवढं पुरतं.

बूट-मोजे काढा, पाय उशांवर उंच ठेवा आणि क्रेप बँडेज बांधा. बोटांच्या मुळापासून सुरुवात करून पोटरीकडे जायचं. खाली जरा घट्ट, वर जाताना सैल. बोटं उघडी ठेवायची. बांधून झाल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. तसं झालं नाही, बोटांना मुंग्या आल्या किंवा बोटं गार पडली, तर बँडेज सोडून सैल बांधा. रात्री झोपताना काढून ठेवलं तरी चालतं.

पहिले दोन-तीन दिवस गरम शेक, दारू आणि चोळणं टाळा. "शीर चढली आहे, चोळून बसवतो" असं कोणी म्हणालं तर पाय त्यांच्या हातात देऊ नका. मुरगळलेल्या घोट्यात शीर चढलेली नसते, लिगामेंटचे धागे ताणलेले किंवा तुटलेले असतात. ताज्या जखमेवर जोर लावला की आतला रक्तस्राव वाढतो आणि हाडाला तडा गेलेला असेल तर तो सरकू शकतो.

बर्फ लावायचा की नाही? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण खुद्द सल्लाच बदलत गेला आहे. आराम, बर्फ, दाब आणि उंचावर ठेवणं या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'राइस' हे सूत्र अमेरिकन डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडलं. ते जगभर गेलं. पुढे मिर्किन यांनीच आपलं मत बदललं आणि बर्फ व पूर्ण आराम या दोन्हींमुळे भरून येणं लांबू शकतं असं लिहिलं. जखमेच्या जागी येणारी सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच पहिला टप्पा असतो. तिथे आलेल्या पेशी मोडतोड साफ करतात आणि नव्या ऊतीची तयारी करतात. २०१९ मध्ये ब्लेझ दुबुआ आणि जाँ-फ्रान्स्वा एस्क्युलिए यांनी सुचवलेल्या 'पीस अँड लव्ह' या नव्या सूत्रात तर बर्फाला जागाच नाही. त्यात पहिल्या काही दिवसांनंतर हळूहळू भार देण्यावर भर आहे.

बर्फाने दुखणं बधिर होतं, हे मात्र खरं. म्हणून माझा सल्ला असा: पहिल्या एक-दोन दिवसांत कळ सोसवत नसेल तर पातळ ओल्या कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं लावा. थेट कातडीवर कधीच नको. पाचेक मिनिटांनी कापड उचलून कातडी बघा. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी बर्फही लावू नये आणि शेकही घेऊ नये. भाजलेलं त्यांना कळत नाही. शेकाचा खरा उपयोग जुन्या, आखडलेल्या सांध्याला होतो, विशेषतः व्यायामाआधी.

हाड मोडलंय की नुसतंच मुरगळलंय, हे कसं ओळखायचं? एक्स-रे काढायलाच हवा का?

सूज किती आली आणि कातडी किती काळी-निळी झाली, यावरून हाडाचं काही कळत नाही. साध्या मुरगळण्यातही पाय भोपळ्यासारखा सुजतो. "चालता येतंय, म्हणजे हाड शाबूत आहे" हेही तेवढ्यावरून म्हणता येत नाही.

यासाठी डॉक्टर 'ओटावा नियम' वापरतात. कॅनडातल्या ओटावा शहरात इयन स्टिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते १९९२ मध्ये तयार केले, ते नको असलेले एक्स-रे टाळण्यासाठी. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं टेंगळासारखी वर दिसतात, त्यांचं टोक किंवा मागच्या कडेचा खालचा ६ सेंटीमीटर भाग बोटाने दाबून बघायचा. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर, मध्यापाशी हाताला लागणारा हाडाचा उंचवटा. मग आतल्या बाजूला, कमानीच्या वरचं हाड. यांपैकी नेमक्या हाडावर दाबल्यावर दुखलं, किंवा दुखापत झाल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेलं पाऊलही चालतं. प्रश्न पायावर वजन घेता येतं का, एवढाच आहे.

दाबून बघताना हाड आणि त्याच्या पुढचा मऊ भाग यांत फरक करा. साध्या मुरगळण्यात बाहेरच्या हाडाच्या पुढे-खाली, मऊ खळग्यात दुखतं. लहान मुलं, दारू प्यायलेला माणूस किंवा पायाची संवेदना गेलेले रुग्ण यांच्या बाबतीत या घरगुती तपासणीवर विसंबू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.

कुठल्या लक्षणांत एक दिवसही थांबायचं नाही?

सांध्याचा आकारच बदलला असेल, किंवा त्याच्या पुढचा हात-पाय गार, पांढरा वा बधिर पडला असेल, तर तडक रुग्णालय गाठा. पोटरी किंवा हात दगडासारखा टणक झाला, दुखणं दुखापतीच्या मानाने अफाट वाटलं आणि बोटं ताणल्यावर ते आणखी भडकलं, तर आतला दाब वाढून स्नायूचा रक्तपुरवठा तुटत असण्याची शक्यता असते. तिथे हिशेब तासांचा असतो. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप, हे जंतुसंसर्गाचं लक्षण असू शकतं. प्लास्टर किंवा शस्त्रक्रियेनंतर एकच पोटरी सुजून दुखायला लागली, दम लागला किंवा छातीत दुखलं, तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यायची.

आणखी एक दुखापत फार वेळा निसटते. पळता पळता टाचेच्या मागे कोणीतरी सणसणीत लाथ मारल्यासारखं वाटतं, वळून बघावं तर मागे कोणीच नसतं. हा बहुधा अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारी दोरी, तुटल्याचा क्षण असतो. दुखणं थोड्या वेळात कमी होतं, लंगडत चालताही येतं, म्हणून माणूस घरी जातो. पण त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नाही. हे लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी दाखवा, कारण उशीर झाला की टोकं एकमेकांपासून दूर राहतात आणि उपचार अवघड होतो.

डोक्याला मार लागून क्षणभर जरी भान हरपलं किंवा गोंधळल्यासारखं झालं, तर त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरायचं नाही.

किती दिवसांत बरं होईल?

कुठली ऊती दुखावली आहे, यावर ते अवलंबून आहे. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून हलका ताण दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. लिगामेंट हाडाला हाडाशी बांधतं आणि टेंडन स्नायूला हाडाशी. या दोन्हींना रक्त कमी मिळतं, त्यामुळे वेळ जास्त लागतो. हलका मुरगळलेला घोटा एक ते तीन आठवड्यांत चालताफिरता होतो, जास्त फाटलेल्याला सहा ते बारा आठवडे लागू शकतात. हाड जुळायला साधारण ६ ते १२ आठवडे.

पण या आकड्यांवर डोळे लावून बसू नका. भरून येण्याचे तीन टप्पे असतात. पहिले काही दिवस सूज आणि साफसफाई. मग काही आठवडे नवे धागे घाईघाईने, वेडेवाकडे विणले जातात. त्यानंतर कित्येक महिने ते धागे ओढ पडेल त्या दिशेने सरळ होतात आणि पक्के होतात. लिगामेंटच्या बाबतीत हे काम वर्षभरही चालतं. दुखणं मात्र दुसऱ्या टप्प्यातच बरंचसं थांबलेलं असतं. पुन्हा होणाऱ्या दुखापतींचं मूळ मला या मधल्या काळात दिसतं. दुखणं गेलेलं असतं, ऊती अजून कच्चीच असते आणि माणूस स्वतःला बरा समजत असतो. शिवाय धाग्यांना कुठे सरळ व्हायचं हे ओढ पडल्याशिवाय कळत नाही. म्हणून नुसतं पडून राहिलेला सांधा दुबळाच जुळतो.

व्यायाम करताना दुखतं. थांबवू का?

थोडं दुखणं चालतं. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी पट्टी मनात धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर करत राहा. चार-पाचला गेलं तर वजन, वेळ किंवा वेग कमी करा. त्याहून जास्त, किंवा सुरी खुपसल्यासारखं, किंवा सांधा सटकल्यासारखं वाटलं तर त्या दिवशी तो व्यायाम बंद.

खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाका. कालच्या सकाळइतकंच दुखत असेल, सूज वाढलेली नसेल, तर कालचा भार बरोबर होता. सूज वाढली किंवा आखडलेपण जास्त वाटलं तर भार जास्त झाला. एक दिवस हलकं घ्या आणि एक पायरी खालून पुन्हा सुरू करा. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मधूनमधून होतंच. मी रुग्णांना एक छोटी वही ठेवायला सांगते: काल काय केलं, आज सकाळी कसं आहे. दोन आठवडे लिहिलं की आपल्या सांध्याचा स्वभाव आपल्यालाच कळायला लागतो.

वळताना गुडघ्यात 'कट्' आवाज झाला आणि दोन तासांत गुडघा फुगला. हे काय असतं?

पाऊल जमिनीत रोवलेलं, शरीर वळलेलं, आवाज आणि पहिल्या दोन-चार तासांत भरलेली सूज, एवढं ऐकल्यावर पहिली शंका एसीएलची येते. गुडघ्याच्या आत तिरकं जाणारं हे लिगामेंट नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही. ते फाटलं की सांध्यात रक्त साठतं, म्हणून सूज इतक्या झपाट्याने येते. गादी, म्हणजे मांडी आणि नडगीच्या हाडांमधली कूर्चेची चकती, फाटल्यावरची सूज बहुधा दुसऱ्या दिवशी जाणवते. बहुतेक वेळा समोरच्या खेळाडूचा धक्काही लागलेला नसतो. उडी मारून उतरताना किंवा एकदम दिशा बदलताना हे घडतं.

एसीएल फाटलं म्हणजे शस्त्रक्रिया आलीच का?

नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळत्या माणसांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली, उरलेल्यांना आधी व्यायाम दिले आणि गरज वाटली तर नंतर शस्त्रक्रियेची मुभा ठेवली. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पाच वर्षांनंतर पाहिलं तर व्यायामाच्या गटातल्या सुमारे निम्म्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि निम्म्यांना ती लागलीच नव्हती.

तेव्हा घाईने तारीख घेऊ नका. वळणं आणि उड्या असलेला खेळ पुन्हा खेळायचा आहे, रोजच्या चालण्यात गुडघा सटकतो आहे, किंवा सोबत शिवता येण्याजोगी गादी फाटली आहे, अशा वेळी शस्त्रक्रियेचं पारडं जड होतं. गादी फाटून गुडघा अडकलेला असेल, सरळच होत नसेल, तर लवकर दाखवायला हवं. बाकीच्यांनी आधी तीन महिने मनापासून व्यायाम करावेत. पुढे शस्त्रक्रिया करायची ठरली तरी हे तीन महिने वाया जात नाहीत. सूज उतरलेला, पूर्ण सरळ होणारा आणि मांडीत ताकद असलेला गुडघा शस्त्रक्रियेनंतरही लवकर सावरतो.

शस्त्रक्रिया चांगली झाली म्हणतात, मग मांडी इतकी बारीक कशाने झाली?

गुडघ्यात थोडीशी जरी सूज असली तरी मज्जातंतू मांडीच्या पुढच्या स्नायूला मिळणारा आदेश दाबून टाकतात. स्नायू शाबूत असतो, त्याला 'आवळ' असा निरोपच पोहोचत नाही. रुग्ण पूर्ण जोर लावतो, कपाळावर घाम येतो आणि मांडी हलतसुद्धा नाही. ही आळशीपणाची किंवा धीर नसल्याची गोष्ट नाही, हे मला रुग्णांच्या घरच्यांनाही सांगावंसं वाटतं.

हा निरोप पुन्हा सुरू करायचा व्यायाम दिसायला किरकोळ आहे. पाय पसरून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची जाड गुंडाळी ठेवा. गुडघ्याच्या मागच्या खळग्याने ती गुंडाळी जमिनीकडे दाबा आणि वाटीवर नजर ठेवा. मांडी आवळली की वाटी एखाद-दुसरा सेंटीमीटर मांडीकडे वर सरकते. पाच सेकंद धरा, सोडा. सुरुवातीला ती जेमतेम थरथरेल. धडक्या पायावर आधी करून बघा, मग दुखऱ्या पायावर. मेंदूला नमुना मिळतो. दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दहा-पंधरा. ज्या दिवशी वाटी दोन्ही पायांत सारखी सरकते, त्या दिवशी मला रुग्णाइतकाच आनंद होतो.

त्याच काळात गुडघा पूर्ण सरळ करण्यावर लक्ष द्या. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायला बरं वाटतं, पण तसं नेमाने केलं की गुडघा किंचित वाकलेलाच राहतो आणि चाल बिघडते. उशी घ्यायचीच तर टाचेखाली घ्या.

एमआरआयमध्ये 'गादी फाटली आहे' असं आलं. आता काय?

वय विचारल्याशिवाय मी या प्रश्नाचं उत्तर देत नाही. विशीतल्या खेळाडूची गादी जोराच्या पिळाने फाटली असेल, गुडघा अडकत असेल, तर शिवण्याचा विचार लवकर करावा. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, तिथली शिवण धरते. चाळिशी-पन्नाशीनंतर गोष्ट वेगळी. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका पाहणीत ५० ते ९० वयाच्या सर्वसामान्य लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले होते. गादी फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघेदुखीच नव्हती. म्हणजे केस पांढरे व्हावेत तशी ती फाटत जाते. फिनलंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशी झिजून फाटलेली गादी काहींमध्ये दुर्बिणीने खरोखर कापली आणि काहींमध्ये कापल्याचं नुसतं सोंग केलं. वर्षभराने दोन्ही गट सारखेच होते.

अहवालातले शब्द वाचून रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत. गुडघा सरळ होतो, अडकत नाही, जिना चढता येतो, तर तीन महिने मांडी आणि कुल्ल्याच्या स्नायूंवर काम करा. अहवालापेक्षा गुडघ्याचं काम महत्त्वाचं.

टाचेच्या मागे किंवा कोपराच्या बाहेर महिनोन्‌महिने दुखतं. आराम केला की बरं वाटतं, सुरू केलं की पुन्हा तेच. का?

कारण टेंडन आरामाने बरा होत नाही, फक्त शांत होतो. जोडीला तो अशक्तही होत जातो. मग नेहमीचं काम सुरू केलं की तेवढाच भार त्याला जास्त पडतो.

स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये अकिलिस टेंडनसाठी दिलेला व्यायाम आजही वापरला जातो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभं राहायचं, कठडा धरायचा. दोन्ही पायांवर टाचा उचलायच्या, मग वजन दुखऱ्या पायावर घेऊन त्याची टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश सोडायची. वर येताना पुन्हा धडक्या पायाची मदत. पंधराचे तीन संच गुडघा सरळ ठेवून, तीन संच किंचित वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. टेंडन टाचेच्या हाडाला चिकटतो अगदी तिथेच दुखत असेल तर टाच पायरीखाली सोडू नका, सपाट जमिनीवरच करा. पहिले दोन-तीन आठवडे काहीच फरक पडत नाही असं वाटतं. बरेच जण इथेच सोडतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

कोपराच्या 'टेनिस एल्बो'लाही तोच न्याय लागू आहे. मनगट वर धरून छोटं वजन सावकाश खाली सोडायचं. हा त्रास असलेल्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातात धरलेली नसते.

स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर लवकर सुटका होईल ना?

काही आठवड्यांपुरती होते. टेनिस एल्बोवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्या ५४ टक्के लोकांचं दुखणं उलटलं, तर खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत फक्त १२ टक्के लोकांचं. वर्षाअखेरीस पूर्ण बरे झालेले किंवा खूप सुधारलेलेही स्टेरॉइडच्या गटात कमी होते. अकिलिससारख्या भार वाहणाऱ्या टेंडनमध्ये तर ते टाळलेलंच बरं, तो तुटण्याचा धोका असतो. आखडलेल्या खांद्यात सुरुवातीला रात्रीची झोप उडवणाऱ्या दुखण्यासाठी मात्र त्याचा उपयोग होतो.

स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीच्या (प्लेटलेट जास्त असलेल्या रक्तद्रवाच्या) इंजेक्शनबद्दलही खूप विचारणा होते. २०२१ मध्ये आलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एक अकिलिसच्या आणि एक गुडघ्याच्या झिजेच्या, पीआरपी खोट्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. मी स्वतः कुणाला ते सुचवत नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन खेळलं तर चालेल?

नको. दुखणं ही त्या वेळची एकमेव सूचना असते, ती बंद करून भार वाढवणं धोक्याचं आहे. झोप लागावी, चार पावलं नीट टाकता यावीत म्हणून थोडे दिवस गोळी घ्यायला हरकत नाही. मुरगळण्यावर डायक्लोफिनॅकसारखं जेलही चांगलं काम करतं आणि पोटाला त्रास कमी होतो. मूत्रपिंडाचा, जठरव्रणाचा किंवा हृदयाचा आजार असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेन-डायक्लोफिनॅक घेऊ नका. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गटातली प्रतिजैविकं चालू असताना टाचेच्या मागे दुखायला लागलं तर लगेच डॉक्टरांना सांगा; या औषधांनी टेंडन तुटू शकतो.

खांदा निखळला. मैदानावरच बसवला तर?

सिनेमात दाखवतात तसा झटका देऊन बसवू नका. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, नस किंवा रक्तवाहिनी अडकलेली असू शकते. हात ज्या स्थितीत कमी दुखतो तिथेच झोळीत किंवा उशीवर धरून रुग्णालयात न्या. पहिल्यांदा खांदा निखळलेल्या तरुणांत निम्म्याहून अधिकांचा तो पुढे पुन्हा निखळतो, म्हणून झोळी काढल्यावर दंड आणि पाठीच्या फऱ्याचे व्यायाम महिनोन्‌महिने करावे लागतात. चाळिशीनंतर निखळला आणि बसवूनही हात वर उचलता येईना, तर खांद्याभोवतीचे टेंडन फाटले नाहीत ना, हे तपासून घ्या.

काठी कुठल्या हातात धरायची?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे. कुबड्यांवर जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय खाली. वजन तळव्यांवर घ्या, काखेत कुबडी रुतवू नका. तिथल्या नसा दबून हाताला मुंग्या येतात.

पट्टा किंवा ब्रेस कायम वापरावा का?

मुरगळलेल्या घोट्याला खेळताना पहिले सहा महिने ते वर्षभर ब्रेस किंवा टेप वापरल्याने पुन्हा मुरगळणं कमी होतं. घरात वावरताना त्याची गरज नाही. पट्टा हा व्यायामाच्या जोडीला असतो, व्यायामाऐवजी कधीच नाही.

मैदानात कधी उतरू?

तारखेवरून ठरवू नका. मी हे स्वतःच्या घोट्यावर शिकले. विद्यार्थिदशेत खो-खो खेळताना घोटा मुरगळला, दहा दिवसांत दुखणं गेलं, बाराव्या दिवशी मी सामन्यात उतरले. खांबाला वळताना तोच घोटा पुन्हा गेला आणि या वेळी तीन महिने घेतले. ज्यांनी मला "खेळ, काही होत नाही" म्हटलं त्यांच्यावर मी बरीच वर्षं चिडून होते. आता कळतं की त्यांनाही कोणी चाचण्या शिकवल्या नव्हत्या.

घोट्यासाठी त्या चाचण्या अशा: दुखऱ्या पायावर डोळे मिटून निदान १५-२० सेकंद तोल सावरता येतो का? एका पायावर टाच उचलणं दुसऱ्या पायाइतक्या वेळा जमतं का? एका पायावर पुढे, आडवी उडी मारून न डगमगता उतरता येतं का? आधी सरळ पळणं, मग आठच्या आकड्यात पळणं, मग अचानक थांबणं आणि वळणं, मग सराव, शेवटी सामना. प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या सकाळची परीक्षा.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर निकष अधिक कडक हवेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं होतं. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आल्याशिवाय मी 'हो' म्हणत नाही, मग मोसम बुडाला तरी चालेल.

मुलांची दुखापत मोठ्यांसारखीच हाताळायची का?

नाही. वाढत्या वयात हाडाच्या टोकाजवळ वाढीचा मऊ पट्टा असतो आणि तो लिगामेंटपेक्षा कमकुवत असतो. मोठ्यांचं लिगामेंट जिथे ताणलं जातं, तिथे मुलाचा हा पट्टा सरकू शकतो. म्हणून मुलाच्या सांध्यावर सूज असेल आणि ते पाय टेकत नसेल तर दाखवायलाच हवं. वाटीच्या खाली टेंगूळ येऊन दुखणं हे दहा ते पंधरा वयाच्या पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या मुलांत नेहमी दिसतं. ते वाढ संपली की बहुधा थांबतं. तोवर खेळ कमी करायचा, सहसा बंद करावा लागत नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं यांपैकी काही असेल तर मात्र "वाढीचं दुखणं" म्हणून सोडून देऊ नका.

पळण्याने गुडघे झिजतात का?

हौसेने पळणाऱ्यांचे झिजत नाहीत. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्क्यांना गुडघ्याची किंवा खुब्याची झीज होती, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्क्यांना. व्यावसायिक स्पर्धकांत मात्र १३.३ टक्के. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेलाही भार हवा असतो, स्पंजासारखी दाबली-सुटली की तिला पोषण मिळतं. अंतर एकदम दुप्पट करू नका, एवढं पाळा.

पुन्हा दुखापत होऊ नये म्हणून काय करू?

फुटबॉलसाठी तयार केलेला 'फिफा ११ प्लस' हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप इतर खेळांनाही उपयोगी आहे: हलकं पळणं, पोटाचे आणि पायांचे ताकदीचे व्यायाम, तोल, उडी मारून नीट उतरणं. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींच्या संघांत त्याने एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाल्या. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी 'नॉर्डिक' व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे धरायचे आणि शरीर ताठ ठेवून पुढे जमेल तितकं सावकाश झुकायचं. त्याने या स्नायूच्या दुखापती निम्म्यावर येतात. पहिल्या आठवड्यात मांड्या दुखतील, म्हणून पाच-सहा वेळांपासूनच सुरुवात करा.

दोन वर्षांपूर्वी घोटा मुरगळला होता. अजून खडबडीत जागी पाय सटकतो. आता काही होण्यासारखं आहे का?

आहे. फाटलेल्या लिगामेंटबरोबर सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी यंत्रणाही दुबळी होते आणि ती कितीही उशिरा सुरू केलेल्या सरावाने सुधारते. दात घासताना दुखऱ्या पायावर उभे राहा, ओट्याचा किंवा भिंतीचा आधार हाताशी ठेवून. ते जमलं की डोळे मिटून. मग दुमडलेल्या उशीवर. मग कोणाला तरी चेंडू टाकायला सांगा आणि एका पायावर झेला. जोडीला रोज टाचा उचलणं आणि पाऊल रबरी पट्ट्याविरुद्ध बाहेरच्या बाजूला वळवणं. सहा ते आठ आठवडे नेमाने करा. त्यानंतरही सटकत राहिला, किंवा सांध्याच्या आत खोल दुखत-अडकत असेल, तर कूर्चेला इजा नाही ना हे अस्थिरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.